दिसणाऱ्या शिरा

आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे हल्ली वर्षाची मेंबरशिप घ्यावी लागते. ती घेतली की थांबावं लागत नाही आणि डॉक्टर घड्याळाकडे न बघता बोलतात. माझी झोप, माझे गुडघे, नातवाचं नाव, सगळं त्यांना पाठ आहे.

काल त्यांनी माझ्या पोटऱ्यांवरच्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या निळ्या शिरांत बारीक सुईने औषध सोडलं. मग घट्ट मोजे चढवायला दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या मावशी माझ्या पायाशी बसल्या. बसताना त्यांनी साडी जरा वर खोचली आणि त्यांची पोटरी दिसली. सुतळीला गाठी माराव्यात तशा शिरा फुगल्या होत्या, घोट्याजवळची कातडी काळी पडली होती.

"लई दुखायचं का ओ, ताई?" त्यांनी विचारलं.

"दुखत नव्हतं. दिसायला वाईट दिसायचं." बोलले, आणि माझं मलाच ऐकवेना. "तुम्ही दाखवलेत का पाय डॉक्टरांना?"

"रोज दिसतच असतील की त्यांना," मोजा वर ओढत त्या म्हणाल्या.

डॉक्टरांना समोरचं माणूस दिसायलाही आता वर्गणी लागते, आणि ती मी हौसेने भरली होती.

निघताना डॉक्टर मायेने म्हणाले, "पंधरा दिवस फार वेळ उभं राहायचं नाही हं. शिरांना ते वाईट."

मी मान डोलावली. मावशींनीही ते ऐकलं. माझ्यासाठी दार धरून त्या उभ्या होत्या.