ऑइल बदलण्याचा रविवार

त्या रविवारी सकाळी चहा पिताना माझ्या लक्षात आलं, की शुक्रवारी संध्याकाळी कॉलेजातून निघाल्यापासून मी एक शब्दही बोलले नव्हते. दूधवाला पिशवी गेटला अडकवून जातो. कामवालीला शनिवार-रविवार सुट्टी मीच दिलेली. फोन आला नव्हता, मीही कोणाला केला नव्हता. उगीच घसा साफ करून बघितला, तर आवाज खरखरीत निघाला.

कुंभकोणमला येऊन मला अकरा महिने झाले होते. साक्कोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यालगत नवी वसाहत आहे, तिथे भाड्याच्या घरात एकटी राहत होते. एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवायचं, वर्गात इंग्रजी आणि दुकानात मोडक्या तमिळवर भागवायचं. मराठी फक्त फोनवर, नाशिकच्या दादाशी. तेही आठवड्यातून एकदा, आणि त्यातलं निम्मं बोलणं तो मागे मुलांना ओरडण्यात घालवायचा.

माझी छोटी पेट्रोल गाडी मात्र मी नाशिकहून बरोबर आणली होती. तिची एमएचची नंबरप्लेट ही आमच्या गल्लीतली एकमेव मराठी गोष्ट, असं मला वाटायचं.

गाडीचं ऑइल बदलायला झालं होतं. गॅरेज लांब नव्हतं, माणसंही चांगली होती. तरी मी ते घरी करायचं ठरवलं, कारण रविवार फार मोठा असतो. पंधरा दिवस मी त्याचीच तयारी करत होते. एक हिंदी व्हिडिओ तीनदा बघितला. वेल्डरकडून दोन लोखंडी रॅम्प करून घेतले. ऑइलचा कॅन, नवा फिल्टर, बोल्टखाली घालायचा तांब्याचा वायसर, पाना, जुना प्लास्टिकचा टब. हे सगळं व्हरांड्यात ओळीनं मांडून ठेवलं होतं आणि येता-जाता बघत होते. कोणी पाहुणा येणार असल्यासारखं.

नऊ वाजता इंजिन पाच मिनिटं चालू ठेवलं, म्हणजे ऑइल पातळ होतं. मग पुढची चाकं रॅम्पवर चढवली, हँडब्रेक ओढला, गिअर टाकला, मागच्या चाकांना दगड लावले. खाली पुठ्ठा पसरून आत सरकले. चेंबरचा बोल्ट एका झटक्यात सुटला आणि काळंभोर, कोमट ऑइल टबात धारेनं पडू लागलं. मला एवढा आनंद झाला, की मी मोठ्यानं "वा!" म्हणाले. तो त्या दिवसाचा माझा पहिला शब्द.

फिल्टर मात्र हलेना. तो इंजिनाच्या मागच्या अंगाला, हात वाकडा करून धरावा लागेल असा बसवलेला. फडकं गुंडाळून पिळलं, पॉलिश पेपर गुंडाळून पिळलं. अर्ध्या तासानं मनगट भरून आलं, कोपर खरचटलं, केसांत माती गेली. शेवटी माझा तोल सुटला.

"मेल्या, सुट की! किती छळशील?"

वरून आवाज आला, "अहो, आवळतां आहां तुम्ही तें! सुटेल कसें? दुसरे बाजूस पिळा!"

मी जागच्या जागी थबकले. उघड्या बॉनेटपाशी कोणीतरी उभं होतं. मला फक्त पांढऱ्या वेष्टीचा, म्हणजे इकडच्या लुंगीसारख्या धोतराचा, काठ आणि रबरी चपला दिसत होत्या. त्या चपला ओळखीच्या होत्या. समोरच्या घरातले म्हातारे गृहस्थ, रोज सकाळी ओट्यावर पेपर वाचत बसायचे. मी कॉलेजला निघाले की ते मान हलवत, मीही हलवायचे. अकरा महिन्यांत त्यापलीकडे काही नाही. ते तमिळ आहेत, हे मी गृहीतच धरलं होतं.

मला हसू फुटलं. आनंदाचंच होतं ते, पण ते गाडीखालून कसं ऐकू गेलं असेल, कोण जाणे.

"अय्या, तुम्ही मराठी? किती गोड बोलता हो! अगदी जुन्या पोथीतल्यासारखं. पुन्हा बोला ना, थांबा, रेकॉर्ड करते. आमच्या दादाला ऐकवते!"

आणि खरंच मी पुठ्ठ्यावर ठेवलेला फोन चाचपडू लागले. हात ऑइलनं बरबटलेले. फोन हातात येईपर्यंत चपला दिसेनाशा झाल्या होत्या. मी बाहेर सरपटत आले, तेव्हा समोरचं गेट लागत होतं.

दुसऱ्या बाजूला पिळल्यावर फिल्टर सुटला. मी खरोखरच तो अर्धा तास आवळत बसले होते. नव्या फिल्टरच्या रबराला ऑइलचं बोट लावलं, हातानं घट्ट केला, बोल्टला नवा वायसर घालून तो बसवला. बॉनेटमधून नवं ऑइल ओतलं. मधासारख्या रंगाचं ते ऑइल नरसाळ्यातून जाताना बघायची मी पंधरा दिवस वाट पाहिली होती. आता ते संपायची वाट बघत होते.

हात तीनदा धुतले, तरी नखं काळीच राहिली. तशीच जाऊन त्यांच्या दारावर टकटक केली.

त्यांनी दार उघडलं आणि इंग्रजीत विचारलं, "फिल्टर निघाला?"

"निघाला. काका, मी तुम्हाला हसले नाही हो. इतक्या दिवसांनी मराठी कानावर पडलं, म्हणून…"

"ठीक आहे," ते इंग्रजीतच म्हणाले. राग नव्हता. एखादी वस्तू कपाटात परत ठेवून किल्ली फिरवावी, तसा चेहरा झाला होता.

मी तिथून हलले नाही. मग त्यांनी आत बोलावलं, पाणी दिलं. घरात दुसरं कोणी दिसत नव्हतं. बसस्टँडच्या वर्कशॉपमध्ये नोकरी झाली, म्हणाले, म्हणून तो फिल्टर चुकीचा पिळलेला बघवेना. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात इकडे आले. घरात सगळे हीच मराठी बोलत. तरुणपणी एकदा पुण्याला एका लग्नाला गेले होते, तिथे पंगतीत त्यांनी ताक मागितलं. वाढणारा मुलगा हसला आणि चार जणांना बोलावून म्हणाला, यांना पुन्हा मागायला सांगा. त्यांनी पुन्हा मागितलं. तिसऱ्यांदाही मागितलं.

"बायको होती तोपर्यंत तिच्याशी बोलत होतो," ते म्हणाले. "चार वर्षं झाली. तुमच्या गाडीचा नंबर मी पहिल्याच दिवशी पाहिला होता."

हे सगळं ते इंग्रजीत सांगत होते. मी ग्लास हातात धरून बसले. अकरा महिने आम्ही दोघं वीस फुटांच्या रस्त्याच्या दोन बाजूंना गप्प होतो, आणि ती गप्प राहण्याची सवय मोडली तेव्हा मी काय केलं, तर फोन शोधला.

"इंजिन चालू करून पुन्हा ऑइल बघितलंत?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. ते उठले, माझ्याबरोबर आले. गाडी रॅम्पवरून सपाट जागी घ्यायला लावली, इंजिन मिनिटभर चालवायला सांगितलं, वाकून फिल्टरपाशी गळत नाही ना ते पाहिलं. थोडा वेळ थांबून ऑइल मोजायची डिपस्टिक ओढली, खांद्यावरच्या पंच्याला पुसली, परत घालून काढली. खुणेच्या जरा खाली होतं. मी थोडं ओतलं. "आता बरोबर," ते इंग्रजीत म्हणाले आणि रस्ता ओलांडून गेले.

त्यानंतर मी बरेच प्रयत्न केले. संक्रांतीला तिळगूळ नेऊन दिला. मराठीत काही विचारलं की ते हसून इंग्रजीत उत्तर द्यायचे. एकदा तर मी त्यांच्यासारखं बोलून बघितलं, आणि माझी मलाच इतकी लाज वाटली, की वाक्य अर्धंच सोडलं. पुढे मी विचारणं थांबवलं. सकाळची मान हलवणं तेवढं राहिलं.

उन्हाळ्यात त्यांच्या मुलीनं त्यांना कोइमतूरला बोलावून घेतलं, कायमचंच. सामान आधीच गेलं होतं. मी स्टेशनवर सोडते म्हणाले, तेव्हा त्यांनी नाही म्हटलं नाही.

पुढच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन ते बसले. गल्ली संपली, मुख्य रस्ता लागला. मी रेडिओही लावला नाही. अरसलार नदीच्या पुलावर गाडी आली, तेव्हा ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तिरुविडैमरुदुरास आमचें घर होतें. माझी आई तेथील कोपऱ्यावरले दुकानांत मराठींतच भाव करी. दुकानदार तमिळ. तरी त्यास सगळें कळे."

मी समोर बघत राहिले. हसले नाही, काही विचारलंही नाही. फक्त "हो?" म्हणाले.

मग ते स्टेशनपर्यंत बोलत राहिले. आई चिंचेचं सार कसं करी, बायकोला केवडा कसा आवडे, पहिली बस दुरुस्त केली तेव्हा हात कसा भाजला. मध्येच म्हणाले, "मुलीस आमची भाषा कळते, बोलत नाहीं. नातवांस कळतही नाहीं." रस्ता दहा-बारा मिनिटांचा. पुढे दोन ठिकाणी मी मुद्दाम रिक्षांच्या मागे गाडी हळू ठेवली.

डब्यात त्यांना खिडकीपाशी जागा मिळवून दिली आणि फलाटावर उतरले. गाडी हलली तेव्हा ते म्हणाले, "येतों. संभाळून असा." मी "या हं काका" म्हणाले. गाडीचा शेवटचा डबा जाईपर्यंत हात वर धरून उभी राहिले.

बाहेर येऊन गाडीत बसले, पण किल्ली फिरवली नाही. घरी जाऊन करण्यासारखं काही नव्हतं. बाजूची सीट जरा मागे ढकललेली होती, त्यांच्या पायांसाठी मीच ढकललेली. थोड्या वेळानं एका रिक्षावाल्यानं काचेवर बोट वाजवून तमिळमध्ये गाडी काढायला सांगितलं. मी काच खाली केली, त्याला तमिळमध्येच "काढते" म्हणाले आणि गाडी सुरू केली.