माझीच वांगी, त्याचं भरीत

गेल्या हिवाळ्यात माझा दोस्त गेला. शिंदखेड्याच्या बसस्टँडजवळ त्याचं पंक्चरचं दुकान होतं. माझं वावर गावाला लागूनच. लहानपणापासूनची आमची संगत.

आमच्याकडे चितेला अग्नी दिला की लोक लगेच उठत नाहीत. शेडमध्ये बसतात आणि चार जण श्रद्धांजलीचं बोलतात. तालुक्याचे एक पुढारी आले होते. त्यांनी माईक घेतला आणि म्हणाले, "अत्यंत शांत, मितभाषी, निर्व्यसनी असं व्यक्तिमत्त्व आपल्यातून गेलं."

मी समोर चितेकडे पाहिलं. म्हटलं, हे जाळतायत तरी कोणाला?

शांत? टायरमध्ये हवा भरेपर्यंत तो गिऱ्हाइकाच्या घरातली सगळी भांडणं काढून घ्यायचा. निर्व्यसनी म्हणाल तर तंबाखू रोज माझ्या डबीतली. वर म्हणायचा, "मी इकत लेत नही, मंग मले कसानं येसन?"

असल्या परक्या माणसाच्या नावानं त्याला जाऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलं. उठलो. त्याच्या मुलानं हात धरला.

"नाना, बसा. माईकवर तुम्हाला नाही जमायचं."

"तुझ्या बापाशी जन्मभर भांडायला जमलं, हे काय जमत नाही?"

चौथी शिकलेल्या माणसानं भाषण करू नये असं कुठं लिहिलेलं नाही. मी माईक घेतला आणि वांग्यांची गोष्ट सांगितली.

आम्ही तरणे होतो तेव्हाची. एका संध्याकाळी त्यानं मला न् गल्लीतल्या चार जणांना भरीत खायला बोलावलं. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली, लाकडी बडगीत ठेचली, वर मिरची न् लसूण. मी विचारलं, वांगी कुठली? म्हणाला, सासरवाडीनं पाठवली, यावलची. खाल्लं आणि मी सगळ्यांसमोर बोललो, "याला म्हणतात वांगं. आमच्या वावरातल्याला चवच नाही. नुसतं पाणी." तो मान खाली घालून जेवत होता. मला वाटलं, ठसका लागला.

सकाळी वावरात गेलो तर वांग्याची झाडं मोकळी.

शेडमध्ये लोक हसले. स्मशानात हसू नये म्हणून काहींनी तोंडाला रुमाल लावला. पुढारीसुद्धा हसले. मला बरं वाटलं. म्हटलं, आता चितेवरचा हा आमचा माणूस.

मग मी म्हणालो, "तर असा मी पोटभर जेवलो आणि हात धुऊन घरी गेलो." आणि थांबलो.

इथं थांबायची सवयच होती. ही गोष्ट आम्ही कितीतरी लग्नांत, किती ओट्यांवर सांगितली. इथं आलो की तो मधेच बोलायचा, "आनी बांधीसन घर लई गया ते कोन सांगी?" मी म्हणायचो, खोटं, घरी भरीत बांधून नेलंच नाही. तो पोरांची शपथ घ्यायचा. मी माझ्या बायकोला साक्षीला बोलवायचो, ती त्याच्याच बाजूनं बोलायची. मग जे भांडण व्हायचं त्यालाच लोक जास्त हसायचे. गोष्ट संपायची ती तिथं.

माझ्या तोंडात 'खोटं' हा शब्द तयार होता. मी माईक धरून उभा. लोक माझ्याकडे बघतायत, मी चितेकडे. एक लाकूड तडकलं आणि खाली बसलं.

पुढाऱ्यांनी हळूच माईक काढून घेतला. म्हणाले, "नानांना भावना अनावर झाल्या आहेत."

झाल्या नव्हत्या. मी त्याच्या बोलण्याची वाट बघत होतो.

परत निघताना त्याच्या मुलानं मला गाडीवर मागे बसवलं. नदीचा चढ लागला तसा विचारतो, "नाना, तेव्हा तुम्ही खरंच बांधून नेलं होतं का हो?"

मी बोललो नाही. त्याच्या बापानं विचारलं असतं, तर बोललो असतो.