कॅल्शियमच्या बाटलीत ताईची गोळी

मी पत्रकं लिहिते. बसस्टँडवर, आठवडी बाजारात, कॉलेजच्या गेटवर वाटायची. ताप आला की लगेच सलाईन लावणारे बोगस डॉक्टर, चिठ्ठी न बघता गोळ्या देणारे मेडिकलवाले, असे आमचे विषय. आम्ही चार-पाच जण आहोत, एका बाजूला हिंदी, दुसऱ्या बाजूला मराठी छापतो. पत्रकाची एक सवय लागते. वाक्य छोटं, शब्द साधे आणि दोषी कोण ते पहिल्या ओळीत. ताईबद्दल लिहायला बसले की ती पहिली ओळच सुचत नाही.

ताई माझी मोठी बहीण, बऱ्हाणपूरच्या एका शाळेत शिकवायची. एका वर्षी दिवाळीनंतर ती हळूहळू बंद पडत गेली. दुसरा शब्द मला सापडत नाही. रडत नव्हती, भांडत नव्हती. शाळेतून यायची, पर्स खांद्यावर तशीच ठेवून पलंगावर बसायची आणि अंधार पडेपर्यंत बसून राहायची. केस विंचरायचे सोडले. आवडीचं काही केलं तरी दोन घास खाऊन ताट सरकवायची. आईनं नजर उतरवली, वडिलांनी दुकानातून बी-कॉम्प्लेक्स आणलं. एका रविवारी ती मला अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मी नसले तर तुमचं सगळ्यांचं किती सोपं होईल ना?" दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन जळगावची गाडी पकडली. जळगाव अशासाठी, की बऱ्हाणपुरात मानसोपचाराच्या डॉक्टरांच्या बाकावर बसलेलं कोणी पाहिलं असतं तर आईनं आम्हाला घरात घेतलं नसतं.

डॉक्टरांनी गोळी दिली. लगेच फरक पडणार नाही म्हणाले, काही आठवडे लागतील, सुरुवातीला मळमळेल, झोप बिघडेल, कदाचित जास्तच अस्वस्थ वाटेल. मला वेगळं बजावलं, "या दिवसांत हिला एकटी सोडू नका. मरणाचं बोलली तर थट्टा समजू नका, ताबडतोब फोन करा." आणि दोघींनाही सांगितलं, की बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायची नाही. मी सगळं लक्षात ठेवलं. ताईला पहिले काही दिवस खरंच वाईट गेले. मग एका सकाळी ती आरशासमोर उभी राहून म्हणाली, "ए, माझ्या केसांचा काय झाडू झालाय बघ." मी स्वयंपाकघरात जाऊन रडून आले.

वर्षभरात ती शाळेत पुन्हा मुलांवर ओरडायला लागली. तेवढ्यात जवळच्याच दापोरा गावचं स्थळ आलं. केळीची बाग, मुलगा शिकलेला, माणसं बोलकी. ताईला मुलगा आवडला. सगळं जमलं आणि आई गोळीच्या मागे लागली.

"आता बरी आहे ना? मग कशाला ते विष? हळदीच्या आत बंद कर."

ताईनं बंद केली. मला न सांगता, आईच्या सांगण्यावरून, एकदम. चार दिवसांत तिचं डोकं गरगरायला लागलं, उगीच चिडचिड, आणि मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखे बारीक झटके. पत्रिका वाटायला निघालेली आई घाबरून परत आली. जळगावच्या डॉक्टरांनी फोनवर ताईला पुन्हा गोळी सुरू करायला लावली आणि आईला सुनावलं. ही औषधं थांबवायची वेळ येते, पण ती पायरी-पायरीनं, आणि पायऱ्या त्यांनी ठरवायच्या. आईनं "हो साहेब, हो साहेब" केलं. फोन ठेवला आणि कामाला लागली.

तिनं गोळ्यांच्या पट्ट्या घेतल्या, त्या फोडून एकेक गोळी बाहेर काढली, कॅल्शियमची प्लास्टिकची बाटली रिकामी केली आणि त्या गोळ्या तिच्यात भरल्या. वर कापूस ठेवला. झाकण लावलं.

"आता कोण काय विचारणार? बाईमाणूस कॅल्शियम घेतंच."

मी खूप भांडले. म्हटलं, औषध त्याच्या पट्टीतच राहिलं पाहिजे, त्यावर नाव असतं, ताकद असते, तारीख असते. त्याहून मोठं म्हणजे, ज्या माणसाबरोबर आयुष्य काढायचं त्याला ताईनं सांगून टाकावं. घरोघरी डायबेटिसची गोळी देवाच्या फळीवर गणपतीशेजारी मिरवते, मग हिनंच चोरासारखं का राहायचं?

ताई माझं सगळं ऐकून घेते, हा तिचा वाईट गुण. मग म्हणाली, "झालं तुझं भाषण? पत्रक तू वाट. संसार मला करायचाय. ते 'नाही' म्हणाले तर तू काय करशील? दापोऱ्यात मोर्चा नेशील?"

मोर्चा काढून लग्नं होत नाहीत.

लग्न झालं, शाळा चालूच राहिली. आई महिन्याकाठी दापोऱ्याला जायची तेव्हा पदराआडून बाटली काठोकाठ भरून यायची, ताई कधी मोजत नसे. ताई बरी होती. सासू, जिला ताई आत्याबाई म्हणायची, तोंडाची फटकळ पण मोकळी. गल्लीत तिचा दरारा. ताईला भाकरी नीट थापता यायची नाही तेव्हा म्हणायची, "मास्तरीणबाई, ही भाकर आहे की भारताचा नकाशा?" ताई मला फोनवर हे सांगून खदखदून हसायची. मला वाटलं, चला, माझीच भीती फुकट होती.

त्या घरात, खरं तर त्या सगळ्या गल्लीतच, एक रीत आहे जी आम्हा दोघींच्याही लक्षात आली नव्हती. विरजण मागावं तशी तिथं गोळी मागतात. "तुझी गुडघ्याची दे गं एक." "ताकदीची आहे का काही?" डोकेदुखीची, गॅसची, कॅल्शियमची, सगळ्या घरांची एकच. हे वाईट मनानं कोणी करत नाही. मायेनंच करतात, म्हणून त्यावर पत्रक लिहिणं सगळ्यात अवघड.

उन्हाळ्याच्या तोंडावर एका सकाळी ताईचा फोन आला. आवाज पातळ झालेला.

"आत्याबाई पडल्या. ओट्यावरून उतरताना पाय लटपटले. तसं दोन दिवसांपासून काहीतरी चुकतंच होतं. काल गॅसवर रिकामं पातेलं ठेवून त्याच्यासमोर बसून राहिल्या. मला नणंदेच्या नावानं हाक मारतात. आम्ही त्यांना घेऊन बऱ्हाणपूरला येतोय, तू दवाखान्यात ये."

मी पोचले तेव्हा सासूबाई खाटेवर होत्या. हाड मोडलेलं नव्हतं. पण ही बाई, जी रस्त्यावरच्या ट्रॅक्टरवाल्यालाही ओरडून शिस्त लावायची, ती छताकडे बघत पुटपुटत होती, "घड उतरवले का... घड उतरवले का..." जिजाजी, म्हणजे ताईचे यजमान, तिचा हात धरून उभे. रक्ताचा रिपोर्ट आला. सोडियम फार खाली गेलेलं.

डॉक्टर तरुण होते, हिंदीत बोलायचे. "ये कौन-कौन सी दवाई लेती हैं?"

जिजाजींनी बीपीची गोळी खिशातून काढून दाखवली. लघवीवाटे मीठ-पाणी काढणारी.

"ये तो कब से चल रही है. नया क्या शुरू किया? याद करके बोलिए."

"कुछ नहीं साहब," जिजाजी म्हणाले.

"अरे, ते कॅल्शियम," सासरेबुवा खुर्चीतून म्हणाले. त्यांना मुद्द्याचं काही सांगता आल्याचं समाधान वाटलं होतं. "डॉक्टर साहेब, बहू का कॅल्शियम लेती है. रोज. गुडघ्यांसाठी. म्हणते, सूनबाईचं कॅल्शियम चांगलं आहे, बारीक गोळी, घशात अडकत नाही. तीन-चार हप्ते झाले असतील."

ताई खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तिला हे माहीत नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी बघितला.

डॉक्टर म्हणाले, "कॅल्शियम से ऐसा नहीं होता," आणि ते लिहायला वळले.

एवढाच वेळ होता. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. मी मेगाफोनवर बोलणारी मुलगी आहे, मला दोन शब्द बोलायला काय लागतं? समोरची बाई पडली होती, बरळत होती, डॉक्टर चुकीच्या दिशेला निघाले होते. गप्प बसणं हा गुन्हा होता. पण बोलायचं ते ताईचं होतं. मी बोलले असते तर ताई त्या घरात जन्मभर 'जिची बहीण बोलली ती' राहिली असती. मी मनात म्हटलं, डॉक्टर दारापर्यंत जाईस्तोवर थांबायचं. त्यापुढे नाही.

ताईनं मला थांबवलं नाही की माझ्याकडे बघितलंही नाही.

"सर, ते कॅल्शियम नाहीये," ती म्हणाली. मग हिंदीत, शाळेत धडा सांगावा तशा स्पष्ट आवाजात तिनं गोळीचं नाव सांगितलं, ताकद सांगितली, जळगावच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. "डिप्रेशन की है. मेरी है. बोतल कॅल्शियम की है."

डॉक्टर जागीच वळले. "अच्छा. तभी." पुढचं सगळं भराभर झालं. ती गोळी बंद, बीपीची बदलली, पाणी मोजून, आणि सोडियम सावकाश वर आणायचं. घाईनं वर आणलं तर मेंदूला इजा होते म्हणाले. वयस्कर माणसात ही गोळी सोडियम पाडू शकते, आणि त्या बीपीच्या गोळीबरोबर तर जास्तच. "अच्छा हुआ बता दिया," एवढंच ते ताईला म्हणाले आणि दुसऱ्या खाटेकडे गेले.

त्या खोलीत कोणी आवाज चढवला नाही, ते जास्त भयानक होतं. जिजाजी ताईला म्हणाले, "म्हणजे लग्नाच्या आधीपासून?" ताई म्हणाली, "हो." सासरेबुवा चष्मा पुसत राहिले.

सासूबाई शुद्धीवर आल्या, घरी गेल्या. मग दापोऱ्याला बैठक बसली. आई मला सोबत घेऊन गेली, कारण तिला एकटीला जायची हिंमत नव्हती. ओट्यावर आम्ही बसलो, पाणी मिळालं, चहाचं कोणी नाव काढलं नाही. आई म्हणाली, "विहीणबाई, चूक माझी. बाटली मी भरली."

सासूबाई अजून अशक्त होत्या, पण जीभ परत आली होती. "चूक तर केलीच तुम्ही विहीणबाई. मी येडी होऊन राहिली होती तुमच्या कॅल्शियमनं. पोराला वाटलं, माय गेली." मग ताईकडे वळल्या. "आणि तू व? मला आधी सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही हो म्हटलं असतं का?"

सासूबाईंनी थोडा विचार केला. मला ते आवडलं, की त्यांनी खरंच विचार केला. "नसतं म्हटलं," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू."

"म्हणून नाही सांगितलं."

जिजाजी इतका वेळ खांबाला टेकून उभे होते. ते म्हणाले, "जे झालं ते झालं. आता ठीक आहेस ना तू? मग आजपासून बंद करून टाक. बात खतम."

मी उठणारच होते. ताई माझ्या आधी बोलली. "एकदा एकदम बंद केली होती. चार दिवसांत उभं राहता येईना. तुम्हाला माहीत नाही मी आधी कशी होते. हिला विचारा. मी मरणाचं बोलत होते. ती गोळी बंद होईल तेव्हा डॉक्टर सांगतील तशी होईल, आणि मी घेते हे आता सगळ्यांना माहीत असेल. पट्टीतच राहील, माझ्या कपाटात कुलपात. कोणी मागायची नाही, मी कोणाला द्यायची नाही. हे चालत नसेल तर आत्ता सांगा, मी आईबरोबर बऱ्हाणपूरला जाते."

आईनं माझा दंड धरला. मला वाटतं तिलाही पहिल्यांदाच कळलं, की ती बाटली भरून आपण मुलीचं लग्न वाचवत नव्हतो, फक्त हे वाक्य पुढे ढकलत होतो.

"मरणाचं?" जिजाजींनी विचारलं. ताईनं मान हलवली. ते खांब सोडून खाली बसले. मग म्हणाले, "मला काहीच माहीत नाही गं यातलं." रागानं नाही म्हणाले.

"मग जळगावला चला," ताई म्हणाली.

"मीही येते," सासूबाई म्हणाल्या. "सोडियम माझं पडलं होतं. मलाही कळू दे हे काय प्रकरण आहे ते."

आणि त्या आल्या. जळगावच्या दवाखान्यात आम्ही चौघं आत गेलो, खुर्च्या दोनच होत्या. सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "हिला जन्मभर खावी लागेल का? आणि मूल-बाळ?" डॉक्टर म्हणाले, जन्मभर लागेलच असं नाही. मूल हवं असेल तर आधी येऊन भेटायचं, ठरवून पुढे जायचं, दिवस गेले म्हणून घाबरून स्वतःच बंद करायची नाही. मग जिजाजींनी विचारलं, कमी कधी करायची.

डॉक्टरांनी तो प्रश्न ताईकडे वळवला. "तुम्हाला काय वाटतं?"

ताई म्हणाली, आत्ता नको. अजून झोप मोडते, या सगळ्या गडबडीनंतर मन थाऱ्यावर नाही. पाऊसपाणी होऊ दे, शाळा सुरू होऊन रुळू दे, मग बघू. आणि कमी करताना तो डोक्यातला विजेचा झटका परत आला तर किती वाट पाहायची, कधी फोन करायचा, ते आज लिहून द्या. ती बोलत राहिली. सकाळी उठताना कसं वाटतं, संध्याकाळी कसं वाटतं, लग्नाच्या आधी कशाची भीती होती. जिजाजी काहीतरी म्हणायला पुढे झाले तर सासूबाईंनी त्यांच्या पाठीत कोपर मारलं, "बोलू दे रे तिला."

मीही मध्ये बोलले नाही.