मीठ कोण चाखणार?

श्रावणी सोमवारचे वरीचे तांदूळ निवडायला घेतले होते, ते सुपात अर्धेच राहिले. सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही. माझे सासरे, आबा, आता बरे होणार नाहीत. त्यांना जाण्याआधी एकदा सुकट खायची आहे, आणि श्रावणात आमच्या घरात मासळी शिजत नाही.

दुपारी नाओमीताई आल्या. रोह्याच्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू घरातल्या. भावंडं इस्रायलला गेली, या इथंच राहिल्या. नर्सची नोकरी संपल्यापासून त्या अशा शेवटच्या आजारातल्या माणसांच्या घरी जातात, त्यांच्या वेदना हलक्या करतात. पहिल्यांदा पेणला आमच्याकडे आल्या तेव्हा शेजारीण कुजबुजली होती, "हिचा पाय लागला का माणूस जातो गो." ताईंनी ते ऐकलं आणि हसून म्हणाल्या, "मी येते म्हणून जात नाय, जाणार म्हणून येते."

आज आबांना औषध देऊन त्या मला म्हणाल्या, "मागतात ते दे गो त्यांना."

"ताई, माझा श्रावण! कालवणाचं मीठ कोण चाखणार? तुम्ही?"

"मी? कोळंबी, सुकट, बिनखवल्याचं काहीच आमच्या धर्मात जन्मभर चालत नाय!"

खाटेवरून आबांचा बारीक आवाज आला, "मिठागरात जन्म गेला माझा. मीठ मी चाखतो की!"

तिघंही हसलो. हसता हसता माझे डोळे भरले. देवापुढे हात जोडले, पण कौलासाठी थांबले नाही. चूल अंगणात वेगळी मांडेन. आता बाजारात जाऊन सुकट आणते.