म्युरिएलची फ्रेंच

फर्नांड थिबोडो मुलीला कामं सांगायची इंग्रजीत आणि तिची निंदा करायची फ्रेंचमध्ये. अमेरिकेतल्या लुइस्टनमध्ये बुटांच्या कारखान्यांत जन्म काढलेल्या, मूळच्या कॅनडातल्या फ्रेंच घराण्यांच्या त्या पिढीत हे घरोघरी चालायचं. पोरांना कळू नये ते सगळं फ्रेंचमध्ये. म्युरिएलनं लहानपणी एकदा जेवताना ऐकून ऐकून पाठ झालेलं एक वाक्य बोलून पाहिलं, तर आई आणि इरेन मावशी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

"राहू दे गं," आई म्हणाली. "तुझ्या तोंडात नाही शोभत ते."

म्युरिएलनं पन्नाशी उलटेपर्यंत राहू दिलं.

तिचं लग्न झालं नाही. दिवसा ती वृद्धाश्रमात परक्या म्हाताऱ्यांची अंगं पुसायची आणि घरी येऊन स्वतःच्या म्हातारीचं करायची. वृद्धाश्रमात एका मजल्याची प्रमुख व्हायचं तर पदवी लागत होती, म्हणून ती संध्याकाळच्या कॉलेजात रडतखडत शिकत होती. तिथल्या बाईंनी तिला सांगितलं, की परदेशी भाषा घरच्या घरी शिकून एक परीक्षा दिली, तरी त्या भाषेचे सगळे क्रेडिट पदरात पडतात. वर्गात बसायला नको. मग त्यांनी अर्जावरचं आडनाव वाचलं आणि हसल्या. "तुम्हाला काय, घरचीच भाषा." थिबोडो आडनावाच्या बाईनं फ्रेंच येत नाही म्हणायचं तरी कसं? म्युरिएल हो म्हणाली.

वाचनालयातून आणलेल्या सीडी ती मोटारीत लावायची आणि सिग्नलला थांबल्यावर मोठ्यानं उत्तरं द्यायची. घरी सांगितलं होतं, हिशेबाचा अभ्यास चाललाय. क्रेडिट हे कॉलेजला दाखवायचं कारण. मनातलं कारण असं, की निकाल लागला की शनिवारच्या जेवणात ती एकदम फ्रेंच बोलणार होती, आणि आई म्हणणार होती, बघ इरेन, माझी लेक! आईच्या तोंडचा एक चांगला शब्द, एवढंच. केस पिकलेल्या बाईनं अशी आस धरावी हे हसण्यासारखं आहे, पण तिनं धरली होती.

परीक्षेत ऐकून उत्तरं द्यायचा भाग मोठा होता. त्याच्या सरावाला शनिवार होताच. डुकराचं खारं मांस घालून मंद आचेवर शिजवलेला पांढरा घेवडा ती वाढायची, आणि मावशी नि आई तिच्या डोक्यावरून बोलत बसायच्या. तिला कळलेलं पहिलं अख्खं वाक्य होतं, "हिला साधा घेवडासुद्धा धड शिजवता येत नाही." कळलं याचाच तिला इतका आनंद झाला, की अर्थाचं वाईट वाटायला पुढचा शनिवार उजाडावा लागला. आई तिला ज्या नावानं हाक मारायची, आणि जे ती जन्मभर लाडाचं समजत आली होती, त्याचा अर्थ खेचर. हे शब्दकोशात सापडलं. आया अशी थट्टा करतातच, अशी तिनं स्वतःची समजूत घातली आणि पुढचा धडा लावला.

परीक्षेच्या आधीच्या शनिवारी इरेन मावशीनं पेपरातल्या निधनवार्ता उघडल्या.

"नॉर्मन्ड गान्ये गेला," ती फ्रेंचमध्ये म्हणाली. "तो नाही का, चामडं कापायचा? आपल्या खेचराला फोन करायचा तो."

"फोन कसला, एकदा दारात आला होता, फुलं घेऊन."

"मग गं?"

"मग काय! म्हटलं, ती मठात चाललीये, जोगीण व्हायला. रडला गं मेला, तिथं पायरीवर बसून."

मावशीला हसताना ठसका लागला. "आणि हिला काय सांगितलंस?"

"त्याचं दुसरीकडे जमलं म्हणून. ही गेली असती तर माझं म्हातारपण कुणी काढलं असतं? तू?"

म्युरिएल शेगडीपाशी पाठमोरी उभी होती. नॉर्मन्डची तिनं अख्खा हिवाळा वाट पाहिली होती, आणि मग आपल्यातच काहीतरी कमी असणार असं ठरवून उरलेलं आयुष्य काढलं होतं. सीडीतली बाई इतकं स्पष्ट बोलत नसे. एक शब्द अडला नाही.

"पाव आण ना गं," आई इंग्रजीत म्हणाली.

म्युरिएलनं पाव आणला.

परीक्षेत तिला उत्तम गुण मिळाले. "शेवटी रक्तातच असतं हो," कॉलेजातल्या बाई म्हणाल्या. पुढे पदवी मिळाली, ती मजल्याची प्रमुखही झाली. घरी मात्र ती फ्रेंचबद्दल चकार शब्दानं बोलली नाही. शनिवारी वाढत राहिली आणि ऐकत राहिली. त्या दोघींनी एकही शनिवार वाया घालवला नाही.

मग मावशी वारली, आणि तिच्यामागोमाग आईचं डोकं काम करेनासं झालं. आधी इंग्रजी गेली, पाटी पुसल्यासारखी. उरली ती फ्रेंच. म्युरिएलनं तिला आपल्याच मजल्यावर आणून ठेवलं. तिथल्या कोवळ्या पोरींना फ्रेंचचं अक्षर कळत नव्हतं. म्हातारी पाणी मागायची आणि त्या तिला पांघरूण घालायच्या. म्युरिएल तिथं असली तरी फरक पडत नसे.

एके दुपारी ब्रिआना नावाची नवी मुलगी म्हातारीला सूप भरवत होती. म्युरिएल आत आली, आणि कधी नव्हे ते म्हातारीनं तिला ओळखलं. तिनं ब्रिआनाचं मनगट घट्ट धरलं, म्युरिएलकडे बोट दाखवलं आणि फ्रेंचमध्ये म्हणाली, "ती माझी लेक. फार गुणाची आहे. तिच्याइतकं माझं कुणी केलं नाही बघ. तिला सांग ना, मला घरी घेऊन जा म्हणावं."

ज्या वाक्यासाठी अभ्यास केला होता, ते म्युरिएलनं शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं.

"काय म्हणताहेत हो, मॅडम?" ब्रिआनानं विचारलं. "कळवळून सांगताहेत काहीतरी. तुम्हाला येत असेल ना?"

"नाही गं," म्युरिएल म्हणाली. "आईनं मला शिकवलीच नाही."

तिनं म्हातारीच्या हनुवटीवर ओघळलेलं सूप पुसलं आणि ती पुढच्या खोलीत गेली.