कॅसेटवरचा डाग

परवा कपाट आवरताना एक कॅसेट सापडली. वेष्टनावर टीव्ही मालिकांमध्ये आज्ञाधारक मुलगा करणारा एक नट कातडी जाकीट घालून गिटार धरून उभा आहे आणि त्याच्या गुडघ्यावर तपकिरी डाग आहे. तो डाग माझ्या रक्ताचा. लातूरकडच्या आमच्या तालुक्यात तेव्हा दुष्काळ होता आणि तालुक्याला स्वतंत्र जिल्हा व्हायची घाई होती. जिल्ह्याला शोभेल असं काही हवं, म्हणून पुढाऱ्यांनी त्या नटाच्या पहिल्या पॉप रॉक अल्बमचं प्रकाशन शाळेच्या मैदानावर ठेवलं. स्वागताध्यक्ष मी, कारण मी इंग्रजी शिकवत होतो. नटाच्या घशात धूळ जाऊ नये म्हणून मैदानावर सडा मारायला मी आमच्याच गल्लीचा, आठ दिवसांनी आलेला टँकर वळवला. नटानं पहिली ओळ उचलली आणि बाया घागरी घेऊन मैदानात शिरल्या. "गुर्जी, त्येच्या घशाला पाणी हाय, आमच्या लेकरायला न्हाई?" शेजारीण म्हणाली. मी म्हणालो, "बाई, जिल्हा व्हायचाय." तिनं पितळी घागर माझ्या कपाळावर घातली आणि रक्त माझ्या हातातल्या कॅसेटवर ठिबकलं. मग दगड आले. नांदेडहून आणलेले स्पीकर फुटले, ड्रम फाटले, नटाचं नाक फुटलं, पुढारी खुर्च्यांखाली लपले तर खुर्च्यांनीच बडवले गेले. पुढचा टँकर आला तेव्हा मी डोक्याला टाके घेऊन रांगेत मागं उभा होतो. शेजारणीनं पोचा पडलेली घागर भरली, माझी बादली पुढं ओढून नळीखाली धरली आणि म्हणाली, "घ्या गुर्जी. जिल्हा होईस्तोवर पुरवा." जिल्हा अजून व्हायचाय.