उड्यांची खूण

अंदमानखाली आपली जमीन वाकून खोल खोल जाते. ती कुणाला दिसत नाही. तिच्यावर होणारे बारीकसारीक भूकंप बेटांवरची यंत्रं टिपतात आणि मी इथे म्हैसूरला, जयलक्ष्मीपुरममध्ये घरी बसून एकेकाची खोली काढते, नकाशावर ठिपका देते. ठिपक्यांतून त्या जमिनीचा बाक उमटतो. फक्त एका जागी, जवळ यंत्रच नसल्यामुळे, एकही ठिपका नव्हता. भूकंप मिळाला की मी खूश! सासूबाई म्हैसूरच्या जुन्या रंगारी घरातल्या. त्या वैतागायच्या, "अय्यो, भूकंप कोण मागतंय ग?"

त्या रिकाम्या जागेवर यंत्र बसवायला माझा नवरा गेला. आमची पद्धत अशी, की यंत्र पुरून झालं की शेजारी उभं राहून उड्या मारायच्या. इथे माझ्या पडद्यावर रेघ हलली की समजायचं, चालतंय. तो चांगलाच जाडजूड. मी फोनवर चिडवलं, "बेट बुडवशील हं." तो हसला, आवरून निघतो म्हणाला.

सासूबाई दोसे घालत होत्या. तेवढ्यात रेघ पडद्याबाहेर गेली. बाकी सगळ्या बेटांवरच्या रेघाही तशाच उसळल्या. मोठा भूकंप, आणि अगदी त्याच्या पायाखाली. फोन लावला, लागेना. पुन्हा लावला, लागेना. यंत्र तेवढं उपग्रहावरून बोलत होतं. सासूबाई उलथणं घेऊन मागे उभ्या. "काय झालं? बोल ना ग!" मी पडद्याकडे बोट दाखवलं.

रेघ हळूहळू निवली. मग धप्, धप्, धप्. सारख्या अंतराने. उड्या! "आहे, आहे तो!" मी ओरडले. तेव्हा कुठे सासूबाई करपलेला दोसा काढायला धावल्या.

आणि मग लक्षात आलं, यंत्र किनाऱ्यालगत होतं. कुठल्याही क्षणी समुद्र चालून येईल, आणि हा शहाणा मला कळावं म्हणून तिथेच नाचतोय! "अरे कळलं, पळ आता! टेकडीवर पळ!" मी पडद्यावर ओरडत होते. त्याला काय ऐकू जाणार, कपाळ! उड्या चालूच. मग थांबल्या. रेघ सरळ झाली. पळाला असेल, की... पुढचं मनातसुद्धा आणवेना.

दुपारी टेकडीवरच्या पोलीस चौकीतून फोन आला. त्याने पहिलं हेच विचारलं, "उड्या दिसल्या का ग?"

"दिसल्या. पुन्हा मारल्यास तर तंगडं मोडीन," म्हणाले आणि हमसून रडले.

तो भूकंप नकाशावर नेमका रिकाम्या जागी बसत होता. नवरा दारातून आत येईपर्यंत मी तो ठिपका दिला नाही.